शेपटीचा एस

सोमवार, ३ जुलै

पाच वर्षांनी आज पुन्हा खडू हातात घेतला आणि बोटांना लगेच ओळख पटली. सहावी ते आठवीचं इंग्रजी, तेही फक्त तीन महिने. शाळेतली तरुण इंग्रजीची शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली. ऐन वेळी दुसरं कोणी मिळेना, म्हणून मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी येऊन विचारून गेल्या. 'मुख्याध्यापिकाबाई' लिहिताना हसू येतं. ही आमची 'कॉमा'. सातवीत असताना दर दोन शब्दांनंतर स्वल्पविराम ठोकायची, तेव्हा मीच ठेवलेलं नाव. आता डोळ्यांवर चष्मा, केसांत एक पांढरी बट. पण मी खोलीत शिरल्यावर खुर्चीवरून उठून उभी राहिली ती राहिलीच. मी बसले, मग बसली.

जिना तोच, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. सातवीचा वर्ग तोच, भिंती मात्र पिवळ्याच्या निळ्या झाल्या. खिडकीबाहेरचं झाड आहे तिथेच आहे, पण पाखरं कुठे गेली? आमच्या वेळी दुसऱ्या तासाला एवढा किलबिलाट असायचा की मी खिडक्या लावून घ्यायचे. आज झाड मुकं. कॉमाला म्हटलं, तर ती जरा थांबून म्हणाली, "असतील बाई इकडेतिकडे."

मुलं गोड आहेत. फक्त तोंडातल्या तोंडात बोलतात. मोबाइलवर बोटं चालवून चालवून जिभा आळशी झाल्यात, दुसरं काय.

मंगळवार, ११ जुलै

आज शेपूट शिकवलं. माझा हातखंडा धडा! आय वॉक, यू वॉक, दे वॉक, सगळे बिनशेपटीचे. पण 'ही' आला, 'शी' आली की क्रियापदाला शेपूट फुटतं, वॉक्स. तीस वर्षांत निदान दोन हजार मुलांना हा एस मी असाच लावला. रस्त्यात भेटलेले बाप्ये मला नमस्कार करून आपल्या पोरांना सांगतात, "ह्याच त्या शेपटीवाल्या बाई." कोणाला पदव्या मिळतात, मला शेपूट मिळालं.

सातवीचा वर्गही रंगला. पहिल्या बाकावर एक दणदणीत आवाजाची मुलगी आहे, तिला मी 'भोंगा' म्हणते. तिला एक वाईट खोड आहे: दुसऱ्या कोणी उत्तर दिलं की लगेच ते उत्तर ही मोठ्यांदा पुन्हा सांगते. दोनदा दटावलं. "दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये," म्हटलं. खाली मान घालून बसली, आणि पुढच्या उत्तराला पुन्हा तेच!

खिडकीजवळ एक अगदी बारकी मुलगी बसते, मुंगीएवढी. वही बघितली, अक्षर मोत्यासारखं, वाक्यं बिनचूक. पण बोलायला उभी केली की ओठ नुसते हलतात.

गुरुवार, २० जुलै

आज वन्संशी वाजलं. हे गेल्यापासून आम्ही दोघी नणंदा-भावजया एकत्र राहतो आणि एकूण बरं चाललंय, पण हल्ली त्या फार ओरडून बोलतात. चहाची किटली म्हणे कोरडी होऊन तळ काळा पडला. "शिट्टी वाजत होती वहिनी, शेजारी येऊन विचारून गेले!" मी तिथेच वह्या तपासत होते, शिट्टी कसली न् काय. किटली जुनी झाली, तिचीच शिट्टी बिघडली असणार. त्या म्हणाल्या, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं." वय झालं की माणूस चिडकं होतं.

मग मी ह्यांचा फोटो पुसत बसले. ह्यांनी याच शाळेत गणित शिकवलं. शेवटची दोनतीन वर्षं ह्यांना एक नवीनच सवय लागली होती: काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून माझ्या समोर येऊन उभे राहायचे, माझ्या चेहऱ्याकडे बघत एकेक शब्द सावकाश बोलायचे. लग्नाच्या पस्तिसाव्या वर्षी एवढं प्रेम! आवाज कसा, ढोलीतून आल्यासारखा, भरदार. घरात अजून तोच एक आवाज मला नीट आठवतो, बाकीचे सगळे पुसट.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

सातवीची तोंडी परीक्षा. एकेकाला टेबलाजवळ बोलावून चित्र दाखवायचं आणि चित्रातली माणसं काय करतात ते इंग्रजीत सांगायला लावायचं. निकाल वाईट. निम्म्या वर्गाने शेपटं खाल्ली. पूर्वी असं नव्हतं.

मुंगीचा राग आला, कारण वहीत हीच मुलगी एकही एस सोडत नाही. म्हटलं, "ही वॉक?" ती चित्रातून मान वर न काढता म्हणाली, "ही वॉक." म्हटलं, "शेपूट कुठे?" तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा बिनशेपटीचं. चारदा. पाचव्यांदा म्हणाली, "बाई, मी म्हटलं."

"नाही म्हटलंस."

"म्हटलं बाई. प्रत्येक वेळी म्हटलं."

मला चूक चालते, खोटं चालत नाही. हे मी तीस वर्षं सांगत आले. सगळ्या वर्गासमोर विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलते का?" भोंगा उठून उभी राहिली, तिलाही बसवलं. मुंगीला तोंडीत शून्य दिलं, आणि सप्टेंबरअखेर पालकांसमोर मुलांचं वाचन आहे त्यातून तिचं नाव काढलं. जागेवर जाताना रडली नाही, ते मला जास्त लागलं. रडली असती तर जवळ घेतलं असतं.

बुधवार, ९ ऑगस्ट

मुंगी बोलत नाही. नाव पुकारलं की हात वर करते, प्रश्न विचारला की उभी राहते आणि उभीच राहते. बाकीच्या बाईंच्या तासालाही तसंच, असं कळलं. हट्टी आहे. हट्ट उतरेल.

बुधवार, १६ ऑगस्ट

आजचं लिहून ठेवते.

मधल्या सुट्टीत कॉमाने खोलीत बोलावलं. मुंगीची आई आली होती. घरी शिवणकाम करते, बाहीला अजून टाचण्या टोचलेल्या होत्या, काम टाकून तशीच आलेली. भांडायला आली असेल असं वाटलं, पण ती खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणाली, "बाई, माझं काही म्हणणं नाही. तुम्ही मोठ्या. फक्त एवढं सांगा, तिने नेमकं काय करायचं? दहा-बारा दिवस झाले, रोज आरशासमोर उभी राहते आणि स्स, स्स करते. जीभ दातांना लावून, ओठ ओढून. घरात दुसरं बोलतच नाही. काल धाकट्याने साप आला म्हणून चिडवलं, तर आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला."

मी म्हटलं, सराव चांगलाच आहे, पण अजून—

आईने फोन पुढे केला. "मी दाराआडून हे भरून घेतलं. ऐका आणि सांगा कुठे चुकतं ते."

फोनमधून मुंगीचा बारीक आवाज आला. शी वॉक. ही राइट. माय मदर मेक. ओळीने दहा वाक्यं, आणि एकालाही शेपूट नाही. मी आईकडे बघून मान हलवली. "बघा ना. अजून एकही एस येत नाही."

कॉमा माझ्याकडे बघत होती, आणि असं बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शिपाईमावशी चहा घेऊन आल्या. कॉमा म्हणाली, "मावशी, जरा थांबा. हे ऐका आणि जसंच्या तसं म्हणून दाखवा."

मावशींचा आणि इंग्रजीचा संबंध दारावरच्या पाट्यांपुरता. त्यांनी ट्रे छातीशी धरून ऐकलं, माझ्याकडे तोंड केलं, मुलांना सांगतात तसं ठासून म्हणाल्या, "शी वॉक्स. ही राइट्स. मग ते मदर काहीतरी मेक्स. दर वेळी शेवटी स्स करते ना पोरगी, चांगलं कुकरासारखं."

मावशींचे ओठ मला दिसत होते. एस दिसत होता. तीस वर्षं दोन हजार मुलांना लावलेला एस मला दिसत होता, आणि ऐकू येत नव्हता.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. कॉमाने पुन्हा लावलं. शी वॉक. मी फोन कानाला लावला. शी वॉक.

मुंगीच्या आईने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिला सगळं समजलं होतं.

गुरुवार, १७ ऑगस्ट

शाळेत गेले नाही. वन्संना सांगितलं. म्हटलं, मला कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, कळलं एकदाचं!"

"तुम्हांला माहीत होतं?"

"दादालाच आधी कळलं होतं. तुझ्या तोंडासमोर येऊन बोला, म्हणायचा, तिच्या पाठीमागून बोलू नका. आणि तिला सांगू नका, तिची शाळा आहे."

मी म्हटलं, म्हणजे ते प्रेम नव्हतं तर.

वन्संनी डोक्याला हात लावला. "इतकी शिकलीस आणि एवढं कळत नाही? मग काय होतं ते?"

सोमवार, २१ ऑगस्ट

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवून कानांवर टोप्या चढवल्या. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच आवाज येईना. मला वाटलं, यंत्र लावायला विसरले. काचेपलीकडे डॉक्टर गंभीरपणे बटणं फिरवत होते, तेव्हा कळलं, यंत्र चालूच आहे.

नंतर कागद दाखवला. रेघ डावीकडे सरळ, उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली. "जाड आवाज तुम्हांला छान ऐकू येतात. बारीक आवाज, लहान मुलांचे, पक्ष्यांचे, शिट्ट्या, आणि स, फ, थ हे उच्चार, हे तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. मेंदू हुशार, तो गाळलेल्या जागा भरतो. म्हणून तुम्हांला पत्ता लागला नाही."

"कधीपासून असेल?"

"सातआठ वर्षं तरी."

मी निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली. वजाबाकी डॉक्टरांसमोर केली नाही. रिक्षात केली.

गुरुवार, २४ ऑगस्ट

कॉमाला म्हटलं, माझी जुनी गुणपत्रकं काढून दे. ती नको म्हणत होती. "बाई, कशाला जुनं उकरता?" मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं, ऐकलं नाही.

माळ्यावरच्या कपाटातून मावशींनी गठ्ठे काढून दिले. माझंच अक्षर, लाल शाई. सुरुवातीची सव्वीस-सत्तावीस वर्षं तोंडी परीक्षेचे गुण कसे हसतमुख: आठ, नऊ, सात, नऊ. शेवटच्या तीन वर्षांत उतरण. सहा, चार, तीन. समासात माझेच शेरे: "उच्चार निष्काळजी." "शेवट खातात." "दिवसेंदिवस दर्जा घसरतो आहे." निरोपसमारंभात मी याच विषयावर भाषण केलं होतं, मुलं कशी घसरत चालली आहेत. टाळ्या पडल्या होत्या.

पाच वर्षं मी घरी बसून आपल्या कारकिर्दीची आठवण काढायचे, कोणी जपून ठेवलेली शाल काढून हुंगावी तशी. आज ती उलगडली तर शेवटाला ही भोकं.

शेवटच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीला तोंडीत एक गुण दिलेला. तिचा चेहरा लख्ख आठवला. दोन वेण्या, सदा हसरी, निकालाच्या दिवशी हसली नव्हती. मावशींना सगळ्यांचे ठावठिकाणे माहीत. ती आता दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते.

रविवार, २७ ऑगस्ट

काल यंत्रं मिळाली. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी. पहिला अर्धा तास नको नको झालं; वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाडल्यासारखं. माझ्या स्वतःच्या चपला एवढ्या बोलक्या आहेत हे माहीत नव्हतं.

ती घालूनच वन्संना घेऊन दवाखान्यात गेले, रविवारी सकाळी उघडा असतो. वेण्या नाहीत, केस कापलेत, पण हसू तेच. "बाई! दात दुखतोय?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ऐकू येत नव्हतं, तुझे गुण चुकीचे दिले, तेव्हा माझी चूक होती. ती गोंधळली. मग हसून म्हणाली, "छे हो बाई! मला खरंच येत नव्हतं. अजूनही येत नाही. इंग्रजी आणि मी, विळ्याभोपळ्याचं सख्य."

जीव भांड्यात पडला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला, आणि पलीकडच्या माणसाला इंग्रजीतून समजावू लागली: डॉक्टर किती वाजता येतात, कुठे बसतात, किती वेळ घेतात. झरझर, स्वच्छ, प्रत्येक क्रियापद शेपटासकट. माझ्याकडे पाठ फिरवून, आवाज बारीक करून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, पोरगी खोटं बोलली."

"बोलू दे की. कोणी आपल्यासाठी दार उघडलं तर आत जावं, कड्या तपासत बसू नये."

पण मला वाटतं, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, ४ सप्टेंबर

आज वर्गात केस मागे घेऊन दोन्ही कान दाखवले. म्हटलं, "हे काय आहे ते बघून घ्या. मला सातआठ वर्षांपासून कमी ऐकू येतं, आणि मला ते माहीत नव्हतं. तोंडी परीक्षेत तुमची शेपटं मी खाल्ली, तुम्ही नाही. परीक्षा रद्द. पुन्हा घेऊ. आणि एका मुलीला मी सगळ्यांसमोर खोटी ठरवलं. ती खरं बोलत होती. म्हणून सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आता खरोखरच.

भोंगा उभी राहिली. "बाई, आम्हांला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हांला वाईट वाटलं असतं. म्हणून मी सगळ्यांची उत्तरं मोठ्यांदा सांगायचे. वर्गानेच मला ते काम दिलं होतं."

आणि मी तिला दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये म्हणून दटावत होते! पाठ फिरवून फळा पुसत बसले. फळा कोराच होता.

तास संपल्यावर मुंगीला थांबवून घेतलं. तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "मला माफ करशील?"

तिने पेन्सिलीचं टोक बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा माझ्यासमोर तोंड उघडलं, ते असं:

"शून्याचं काही नाही बाई. पण मी म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंस."

"आईला पण आधी वाटलं की मी खोटं बोलते."

तिने दप्तर उचललं. दाराशी जाऊन वळली. "अजून नाही केलं माफ. पण वाचनात नाव घाला."

गुरुवार, १४ सप्टेंबर

कॉमा विचारते, तीन महिन्यांनंतरही राहाल का. नाही म्हटलं. तरुण शिक्षिका परत येईल, तिचा वर्ग तिचा. पण आठवड्यातून एक तास येऊन मुलांचं वाचन ऐकत बसेन, गुण न देता. आयुष्यभर बोलले. ऐकायचं काम नव्याने शिकायला हवं.

आज मुंगी तिसऱ्या तासाला कोणाच्या तरी विनोदावर हसली. बारीक, चिमणीसारखं. माझ्याकडे नाही बघितलं.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

शेवटचा दिवस. लहानशा सभागृहात शंभर पालक, खुर्च्या सरकवण्याचा, बाळांच्या रडण्याचा, पंख्यांचा गोंगाट, आणि माझी यंत्रं गुणी लेकरांसारखी सगळंच्या सगळं गोळा करून माझ्या डोक्यात ओतत होती. तरुण शिक्षिका बाळाला घेऊन आली होती. मी वन्संबरोबर शेवटच्या रांगेत बसले.

मुंगीचा नंबर सातवा होता. व्यासपीठावर आणखीच बारकी दिसली. स्वतः लिहिलेलं वाचणार होती, आईवर. इंग्रजीतून दीड पान. सुरुवात ऐकू आली. आई पहाटे उठते, मशीनवर बसते, सुई तोंडात धरून बोलते, आणि तरी मला तिचं सगळं समजतं. पालक हसले. मशीनवर वाकलेल्या बाईबद्दल 'शी, शी' करत ती पुढे जात होती, आणि मध्येच कुठलंसं बाळ रडायला लागलं, पुढे मला नुसते ओठ दिसले. मग टाळ्या. तिची आई टाळ्या वाजवायची विसरून पदराची कड चुरगळत बसली होती.

कार्यक्रम संपला. लोक उठले. वन्सं पुढे बाहेर गेल्या, मी पिशवी आवरत होते, तर समोर मुंगी. हातात वही.

"ऐकू आलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं! छान झालं गं, म्हणायचं, पाठीवरून हात फिरवायचा, घरी जायचं. तीस वर्षांत किती मुलांना मी तसं म्हटलं असेन, कोण जाणे.

"सुरुवात ऐकली," मी म्हटलं. "मधलं निसटलं. शेवटही नीट नाही ऐकू आला."

तिने माझ्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहावं तसं, जरा वेळ. मग वन्संच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली, खुर्ची ओढून माझ्या उजव्या कानाजवळ आणली.

"हा कान चांगला आहे ना?"

"त्यातल्या त्यात."

मावशी खुर्च्या उचलायला लागल्या होत्या, त्यांनी आमची रांग सोडून दिली. तिची आई दाराशी थांबली, पिशवी खाली ठेवली. घाई कोणालाच नव्हती. मुंगीने पान मागे उलटलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.